चिठ्ठ्या चार, बेरीज एक: कोकणातील औषध विक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सर्व औषध विक्रेते आणि त्यांच्या तालुका संघटनांचे पदाधिकारी यांस,

विषय: अ‍ॅसिटिलकोलीनचे रिसेप्टर अडवणारी औषधे वयस्क रुग्णांना देताना घ्यावयाची काळजी

स.न.वि.वि.

प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधनिर्माण अधिकारी म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो आहे. आपल्यापैकी अनेकांशी माझी ओळख साठ्याच्या नोंदवहीपासून ते रात्री-अपरात्री उसन्या मागितलेल्या सलाइनच्या बाटलीपर्यंतची आहे, म्हणून प्रस्तावना लांबवत नाही. या पत्रातून मी आपल्याकडे एकच गोष्ट मागत आहे. साठीच्या पुढचा माणूस काउंटरवर आला की त्याच्या हातातल्या चिठ्ठीतले औषध देण्याआधी तो आणखी काय काय घेतो हे विचारावे आणि त्यात अ‍ॅसिटिलकोलीन, म्हणजे मज्जातंतूंचा निरोप पोचवणारे रसायन, अडवणारी औषधे किती आहेत याची बेरीज करावी.

हे काम डॉक्टरांचे आहे, दुकानदाराचे नव्हे, असे कोणी म्हणेल. तत्त्वतः ते बरोबरही आहे. पण आपल्या किनारपट्टीवरची घरे कशी चालतात ते आपण रोज पाहता. घरात दोन म्हातारी माणसे, मुले-सुना मुंबई, ठाणे, विरारकडे. रक्तदाबाची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून येते, पोटाची तालुक्याच्या खासगी दवाखान्यातून, लघवीची मुलाने मुंबईला नेऊन दाखवले तेव्हा सुरू झालेली असते, आणि सिंधुदुर्गातला रुग्ण असेल तर एखादी चिठ्ठी गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाचीही असते. यांपैकी कोणताही डॉक्टर दुसऱ्याची चिठ्ठी बघत नाही, कारण ती त्याच्यासमोर येतच नाही. सगळ्या चिठ्ठ्या ज्या एका ठिकाणी येतात ते ठिकाण म्हणजे गावातले किंवा नाक्यावरचे मेडिकल. शिवाय २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने चिठ्ठी तपासणे आणि रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टच्या कर्तव्यात धरलेलेच आहे.

आपण हे सगळे डी. फार्म.ला शिकलेले आहात, तरी थोडी उजळणी करतो, कारण पुढचे म्हणणे त्यावरच उभे आहे. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन सुटते, समोरच्या पेशीवरील रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेला, चिकटते आणि त्या पेशीला काम सांगते. काम सांगून झाले की अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम त्याचे क्षणार्धात तुकडे करते. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस चेतवून ठोके मंदावले आणि त्या हृदयातला द्राव दुसऱ्या हृदयावर सोडला, तेव्हा तेही मंदावले. नसेचा निरोप रसायनाच्या रूपाने पोचतो हे त्यातून दिसले. या रसायनाच्या कामाचे मस्करिनिक आणि निकोटिनिक असे दोन प्रकार हेन्री डेल यांनी त्याआधीच, १९१४ मध्ये, वेगळे काढून दाखवले होते. दोघांना १९३६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मस्करिनिक रिसेप्टर लाळेच्या, घामाच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी, श्वासनलिका, आतडे, मूत्राशय, हृदय, डोळ्याची बाहुली आणि मेंदू असे सर्वदूर पसरलेले आहेत. निकोटिनिक रिसेप्टर प्रामुख्याने हाता-पायांच्या व श्वासाच्या स्नायूंवर आणि मज्जातंतूंच्या गाठींमध्ये असतात. अडवणारे औषध काय करते, तर एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसे ते रिसेप्टरवर बसते: जागा भरलेली असते, पण तिच्यावर प्रवासी नसतो, आणि खरा प्रवासी, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन, उभाच राहतो. मात्र गर्दी हाताबाहेर गेली की रुमाल सारून लोक बसतातच. त्याप्रमाणे अ‍ॅसिटिलकोलीनचे प्रमाण अतोनात वाढले तर अ‍ॅट्रोपिनसारखे औषध मागे रेटले जाते आणि त्याचा डोस वाढवत न्यावा लागतो. विषबाधेच्या संदर्भात या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मस्करिनिक जागा अडली की तोंड कोरडे पडते, घाम थांबतो, बाहुली मोठी होते, जवळचे धूसर दिसते, ठोके वाढतात, आतडे मंदावते, मूत्राशय आकुंचन पावत नाही, आणि औषध मेंदूत पोचत असेल तर माणूस आधी सुस्तावतो आणि मग भ्रमिष्टासारखा वागतो. यांतला कुठला परिणाम उपचार आणि कुठला उपद्रव, हे केवळ समोरच्या माणसाला काय झाले आहे त्यावर ठरते. डोळ्यांच्या दवाखान्यात ट्रॉपिकामाइडचे थेंब टाकून बाहुली मोठी करतात तेव्हा तीच गोष्ट हवी असते. काचबिंदूकडे झुकलेल्या डोळ्यात तीच गोष्ट दृष्टी घालवू शकते.

आपल्याकडे या द्रव्यांची ओळख नवी नाही. कुंपणाकडेच्या धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन भरलेले असते. गणपतीच्या एकवीस पत्रींत धोतरा आहे, शंकराला त्याचे फूल आणि फळ वाहतात, आणि दम्यासाठी त्याची पाने जाळून धूर घेण्याची रीत जुन्या लोकांना ठाऊक होती. श्वासनलिका सैल करणारे त्यातले द्रव्य खरे होते. मात्रा मात्र कोणाच्याच हातात नव्हती, आणि म्हणूनच धोतऱ्याचे बी पोटात गेलेले मूल दवाखान्यात येते तेव्हा ते लालबुंद, तापलेले आणि असंबद्ध बडबडणारे असते.

आता ज्यामुळे हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एक आजी पावसाळ्यात अचानक बदलल्या. मी गेलो तेव्हा त्या खाटेवर बसून चादरीवरून काहीतरी वेचत होत्या आणि डाव्या हाताच्या चिमटीत धरलेल्या, प्रत्यक्षात नसलेल्या दोऱ्यात एक एक करून ओवत होत्या. जेवायला हाक मारली तर म्हणाल्या, "गजरो पुरो होवंदे, मगे जेवतलंय." जीभ टाळूला चिकटत होती, कातडी गरम आणि पार कोरडी होती, आणि दारातून येणाऱ्या उजेडाकडे तोंड असूनही बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या होत्या. ओटीपोटाला हात लावला तर ते टणक लागले. घरच्यांनी देवाला गाऱ्हाणे घातले होते, कौल लावायचेही चालले होते. त्यात मला हसण्यासारखे काही वाटत नाही. कालपर्यंत स्वतःच्या हाताने पेज शिजवणारी बाई आज हवेत फुले ओवू लागली तर घरच्यांनी काय समजावे?

मी औषधांची पिशवी मागितली. तीत लघवी वारंवार होते म्हणून मुंबईला सुरू केलेली ऑक्सिब्युटिनिन होती. नागीण होऊन गेल्यावर राहिलेल्या ठणक्यासाठी रात्रीची अ‍ॅमिट्रिप्टिलिन होती. पोटात मुरडा येतो म्हणून चिठ्ठीशिवाय आणलेली डायसायक्लोमिनची पट्टी होती, आणि चार दिवसांपूर्वी सुरू झालेले खोकल्याचे औषध होते, ज्यात क्लोरफेनिरामिन होते. चार वेगवेगळ्या हातांनी दिलेली चार औषधे, आणि एकेकटे पाहिले तर एकही देणारा ठळकपणे चुकलेला नाही. पण चौघांचाही मार एकाच रिसेप्टरवर होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी नळी घालून लघवी काढली, तीन औषधे बंद केली, अ‍ॅमिट्रिप्टिलिन टप्प्याटप्प्याने उतरवली, आणि काही दिवसांतच आजी नातवंडांना नावाने हाका मारू लागल्या. वेळीच पिशवी उघडली नसती तर "म्हातारचळ लागला" या दोन शब्दांत त्यांची उरलेली वर्षे गुंडाळली गेली असती, आणि तशी किती जणांची गुंडाळली गेली असतील हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

या बेरजेसाठी वैद्यकात एक मोजपट्टी आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँटिकोलिनर्जिक कॉग्निटिव्ह बर्डन या मापात प्रत्येक औषधाला १ ते ३ गुण दिलेले आहेत आणि एकूण बेरीज ३ किंवा त्याहून जास्त झाली तर मेंदूवर परिणामाचा धोका गंभीरपणे घ्यावा असे मानतात. आजींच्या पिशवीतल्या चारही औषधांना प्रत्येकी ३ गुण आहेत. म्हणजे बेरीज १२. हे गणित करायला संगणक लागत नाही, फक्त नावे माहीत असावी लागतात. आणि अडचण इथेच आहे, कारण ही औषधे आपल्या दुकानात एका फळीवर नसतात. क्लोरफेनिरामिन सर्दी-खोकल्याच्या फळीवर, प्रोमेथाझिन उलटीच्या आणि गाडी लागण्याच्या, हायड्रॉक्सिझिन खाजेच्या, डायसायक्लोमिन पोटदुखीच्या, ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन आणि सोलिफेनासिन लघवीच्या, अ‍ॅमिट्रिप्टिलिन झोपेच्या व नसांच्या दुखण्याच्या, ट्रायहेक्सिफेनिडिल कंपवाताच्या आणि मानसोपचाराच्या फळीवर. रुग्णाच्या लेखी ती वेगवेगळ्या दुखण्यांची वेगवेगळी औषधे असतात, आणि आपल्याही लेखी काउंटरच्या घाईत ती तशीच राहतात.

म्हाताऱ्या शरीरात हा भार जास्त का जाणवतो, हेही थोडक्यात सांगतो. लक्ष आणि स्मरण यांसाठी मेंदूला अ‍ॅसिटिलकोलीन लागते आणि वयानुसार त्याची शिल्लक कमी होत जाते. मूत्रपिंड आणि यकृत औषध सावकाश बाहेर टाकतात. ज्यांना विस्मरणाचा आजार आधीच जडला आहे त्यांच्याबाबतीत तर एक विचित्र रस्सीखेच दिसते: एक डॉक्टर डोनेपेझिल देऊन मेंदूतले अ‍ॅसिटिलकोलीन वाढवू पाहतात, त्या औषधाने काहींना लघवी आवरत नाही, म्हणून दुसरे डॉक्टर ऑक्सिब्युटिनिन देऊन तेच अ‍ॅसिटिलकोलीन अडवतात. दोन्ही पट्ट्या एकाच पिशवीत दिसल्या तर रुग्णाच्या मुलाला दोन्ही डॉक्टरांशी बोलायला सांगणे एवढे तरी आपण नक्की करू शकतो. अमेरिकेत सिअ‍ॅटल भागातील ६५ वर्षांवरील सुमारे ३,४०० लोकांवर केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी ही औषधे वर्षानुवर्षे आणि जास्त प्रमाणात घेतली त्यांच्यात डिमेन्शियाचे, म्हणजे विस्मरणाच्या आजाराचे, प्रमाण अधिक आढळले. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही, आणि त्या आधाराने कोणाला घाबरवू नये. पण तात्पुरता भ्रम, बद्धकोष्ठ, तोल जाऊन पडणे आणि लघवी अडणे यांसाठी इतक्या लांबच्या अभ्यासाची गरजही नाही. ते आपल्या ओसरीवर दिसते.

लघवी अडण्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या भागात ते फार जिकिरीचे होते. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांचे मूत्राशय आधीच जोर करून लघवी ढकलत असते. त्यांना सर्दीची गोळी दिली तर तीतले क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचा जोर काढून घेते आणि त्याच गोळीतले फिनाइलेफ्रिन मूत्राशयाचे तोंड आवळते. संध्याकाळी घेतलेल्या गोळीने मध्यरात्री कळा सुरू होतात, खाडीपलीकडच्या गावातून रात्री तरीची होडी चालत नाही, आणि पावसात रिक्षा मिळवून ग्रामीण रुग्णालय गाठेपर्यंत त्या माणसाचे काय होते ते ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. "आजोबा, लघवीला जोर करावा लागतो का?" हा प्रश्न चारचौघांत विचारायचा संकोच वाटत असेल तर हळू आवाजात विचारावा, पण विचारावा. डोळ्यांचेही तसेच: एक डोळा लाल, प्रचंड ठणका, दिव्याभोवती कडी दिसणे आणि सोबत उलट्या, अशी तक्रार असेल तर ते पित्त समजून पोटाची गोळी देऊ नये, कोन बंद होऊन चढलेला काचबिंदू तसाच येतो आणि ही औषधे त्यात भर घालतात. वैशाखातल्या दमट उकाड्यात घाम हाच शरीराचा एकमेव आधार असतो, तो या औषधांनी आटला तर उष्माघाताची वाट मोकळी होते. सहा महिन्यांखालच्या बाळाला पोट दुखते म्हणून डायसायक्लोमिनचे थेंब देऊ नयेत, कारण श्वास थांबण्याचे आणि झटक्यांचे प्रकार नोंदले गेलेले आहेत. हे आपल्याला माहीत आहे, तरी जत्रेच्या गर्दीत एखादी आजी बाळ घेऊन आली की हात त्या बाटलीकडे जातो.

मग द्यायचे काय? बहुतेक ठिकाणी पर्याय आहेत आणि ते आपल्याकडेच आहेत. सर्दीसाठी वा खाजेसाठी मेंदूत जवळजवळ न शिरणारी फेक्सोफेनाडिन आहे. पोटाच्या मुरड्यासाठी ड्रोटाव्हेरिन अ‍ॅसिटिलकोलीनच्या वाटेला न जाता स्नायू सैल करते; पण म्हाताऱ्या माणसाचे पोट बद्धकोष्ठाने दुखत असेल तर कुठलीही मुरड्याची गोळी देण्याआधी शौचाची चौकशी करावी, कारण मंदावलेले आतडे आणखी मंद करण्यात शहाणपण नाही. अतिसक्रिय मूत्राशयासाठी मिराबेग्रॉन वेगळ्या रिसेप्टरवर काम करते. ती चिठ्ठी बदलणे अर्थातच डॉक्टरांच्या हातात आहे, आणि तिची किंमत हाही प्रश्न आहेच.

या गटातली सगळी औषधे एका मापाने मोजू नयेत, हेही तितकेच आवर्जून सांगतो. ज्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो तो मेंदूच्या वेशीवर अडतो. म्हणून ग्लायकोपायरोलेट, हायोसिन ब्युटिलब्रोमाइड, इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम यांचा मेंदूवरचा उपद्रव अ‍ॅट्रोपिन वा ऑक्सिब्युटिनिनच्या मानाने फारच कमी असतो. उभे आयुष्य चुलीच्या धुरात काढलेल्या, कधी विडीही न ओढलेल्या बायकांना दम लागतो तेव्हा १८ मायक्रोग्रॅम टायोट्रोपियमची रोजची एक कॅप्सूल त्यांना अंगणापर्यंत चालण्याची ताकद देते. "ही पण त्याच गटातली" असे म्हणून ती बंद करायला सांगणे हा माझ्या पत्राचा विपर्यास ठरेल. फक्त कॅप्सूल गिळायची नसते, यंत्रातून ओढायची असते, हे प्रत्येक वेळी दाखवावे, आणि नेब्युलायझरचा मास्क सैल असेल तर इप्राट्रोपियमची वाफ डोळ्यात जाऊ देऊ नये. आंबा घाटात गाडी लागते म्हणून तरुण माणसाने प्रोमेथाझिनची एक गोळी घेतली तर त्यात बिघडत नाही. तीच गोळी झोप चांगली लागते म्हणून आजोबा रोज मागू लागले तर बिघडते.

आणि आता याच गटातल्या अ‍ॅट्रोपिनची दुसरी बाजू, जिच्याबाबत माझी तक्रार नेमकी उलट आहे: जिथे ते भरपूर हवे असते तिथे ते कमी पडते. मोहोर आला की तुडतुड्यांसाठी हापूसच्या बागांत फवारण्या सुरू होतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक अंगावर उडाले वा श्वासातून गेले की ते अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज निकामी करते, अ‍ॅसिटिलकोलीन साचत जाते, आणि आजींच्या अगदी उलट चित्र दिसते: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, अंगभर घाम, उलट्या, जुलाब, छातीत घरघर, मंद नाडी. अशा रुग्णाला अ‍ॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅमच्या एका अँप्युलने भागत नाही. प्रौढ माणसाला सुरुवातीलाच साधारण तसे तीन ते पाच अँप्युल द्यावे लागतात आणि छाती साफ होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जावे लागते, कारण साचलेल्या अ‍ॅसिटिलकोलीनच्या गर्दीला तेवढ्यानेच तोंड देता येते. नाडी वाढली म्हणून हात आखडता घेणे ही घातक चूक आहे. छातीतली घरघर थांबली का, हे पाहायचे असते. पुढे मात्रा जास्त झाली की तोच रुग्ण चादर वेचू लागतो, आणि मग हात आवरायचा. अ‍ॅट्रोपिन निकोटिनिक जागेवर काही करत नाही, त्यामुळे स्नायूंची दुर्बलता त्याने जात नाही; श्वास थकला तर व्हेंटिलेटरच लागतो. म्हणूनच हे सगळे रुग्णालयात व्हायचे आहे, आपल्या काउंटरवर नाही.

काउंटरवर आपण एवढेच करायचे: सड्यावरच्या बागेतून एखादा गडी वा राखणदार, त्यात आता नेपाळी मजूर खूप आहेत, डोके दुखते आणि उलटी होते म्हणून गोळी मागायला आला, तर आज फवारणी केली का हे विचारावे, बाहुल्या बघाव्यात, भिजलेले कपडे उतरवून साबणाने अंग धुवायला लावावे आणि फवारणीच्या औषधाची बाटली सोबत देऊन थेट रुग्णालयात पाठवावे. उलटीची गोळी देऊन घरी पाठवू नये. ज्या तालुक्यात बागा जास्त आहेत तिथल्या संघटनांनी मोहोराच्या आधी घाऊक विक्रेत्यांकडे अ‍ॅट्रोपिनचा साठा पाहून ठेवावा; किमतीला ते स्वस्त असल्याने त्याचा साठा करायला कोणाला उत्साह नसतो, हे मी नोकरीतही पाहिले आहे.

नागाच्या विषाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, कारण ते स्वतःच निकोटिनिक रिसेप्टर अडवणारे द्रव्य आहे. पापण्या मिटतात, मान पडते, श्वास थांबतो. तिथे सर्पविषावरील लसीच्या जोडीला निओस्टिग्मिन देऊन अ‍ॅसिटिलकोलीन वाढवतात, आणि त्या वाढीने लाळ सुटू नये, नाडी मंदावू नये म्हणून आधी अ‍ॅट्रोपिन देतात. मण्यारीचे विष मुख्यतः मज्जातंतूच्या टोकावरच घाव घालते, त्यामुळे तिथे निओस्टिग्मिनचा तितका उपयोग होत नाही. विंचवाच्या दंशात मात्र घाम आणि लाळ पाहून अ‍ॅट्रोपिन टोचण्याचा मोह टाळायला हवा. महाडमध्ये राहून लाल विंचवाच्या दंशावर आयुष्यभर काम केलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि अ‍ॅट्रोपिनने हृदयावरचा ताण आणखी वाढतो हे वारंवार लिहिले. प्राझोसिनची गोळी आपल्या दुकानात असावी आणि कुठे ठेवली आहे ते रात्रीच्या पोरालाही ठाऊक असावे.

माझ्या मुख्य मागणीकडे परत येतो. गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा आई-वडिलांच्या औषधांचा ताबा काही दिवस त्यांच्या हाती असतो. त्या दिवसांत दुकानाच्या दर्शनी भागात मराठीत एक पाटी लावावी: "घरातील वडीलधाऱ्यांची सर्व औषधे एका पिशवीत घालून घेऊन या, एकदा तपासून देऊ." पिशवीत चूर्ण, आसव, डोळ्यांचे थेंब आणि खोकल्याच्या बाटल्याही आणायला सांगाव्यात, कारण त्या औषध म्हणून कोणी मोजतच नाही. या गटातली दोन किंवा अधिक औषधे निघाली तर चिठ्ठीच्या मागे त्यांची नावे लिहून डॉक्टरांकडे पाठवावे, फोन करता आला तर अधिक बरे. गल्ल्यावर यातून काही पडणार नाही, उलट एखादी पट्टी कमी विकली जाईल, हे मला कळते.

फक्त एक पथ्य पाळावे. यांतली कोणतीही नेहमीची गोळी आपण होऊन बंद करायला सांगू नये. अ‍ॅमिट्रिप्टिलिन एकदम थांबवली तर मळमळ, बेचैनी आणि निद्रानाश होतो. मानसोपचाराच्या औषधांसोबत दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल थांबवली तर अंग आखडून रुग्ण घाबरतो आणि मग मुख्य औषधही टाकून देतो. चिठ्ठीशिवाय मागितलेल्या डायसायक्लोमिनला, प्रोमेथाझिनला आणि क्लोरफेनिरामिनच्या बाटलीला मात्र आपण त्याच क्षणी नाही म्हणू शकतो.

आपल्या बाजारात नेहमी मिळणाऱ्या अशा औषधांची, प्रत्येकाच्या गुणांसकट, एक पानी मराठी यादी मी तयार केली आहे. तालुका संघटनांनी कळवल्यास छापण्यासाठी ती विनामूल्य देईन. तपासून घेण्यासाठी ती आधी आपापल्या भागातील एखाद्या फिजिशियनना जरूर दाखवावी.

कळावे,

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी
जिल्हा सिंधुदुर्ग